बॅटरी उलटी जोडली गेल्यावर गाडीतील बिघाड कसा शोधावा?



गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्या कार्यक्षेत्रातील रस्त्यांवर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ट्रक आणि जीपगाड्यांची रात्रंदिवस वर्दळ सुरू होते. पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर बाहेर काढला की पहिल्याच दिवशी अडचण येते. सेल्फ मारला तर नुसते 'टक्' वाजते, इंजिन काही फिरत नाही. बॅटरी उतरलेली असते. मग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची किंवा दारातल्या मोटारगाडीची बॅटरी जवळ आणून, हाताला लागेल ती वायर लावून गाडी चालू करण्याची खटपट होते. यालाच हल्ली सगळीकडे 'जंप देणे' असे म्हणतात.

जंप नीट दिला तर त्यात वावगे काही नाही. पण अंधारात, घाईगर्दीत प्लसच्या जागी मायनस लागते, मोठी ठिणगी उडते, वायरचा वास येतो आणि त्या दिवसापासून गाडीचे काही ना काही बिनसते. कधी ती अजिबात बोलत नाही. कधी चालू होते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅटरी उतरलेली. कधी इंजिन चालते, पण दिवे लागत नाहीत.

अशा वेळी होणारे बोलणे सर्वांच्या ओळखीचे आहे. ड्रायव्हर म्हणतो, "आबा, बॅटरी गेली. नवीच घ्यावी लागंल." आबा म्हणतात, "आरं, परवाच्या दसऱ्याला तर घेतली की!" तरीही काम अडते म्हणून नवी बॅटरी येते आणि चार दिवसांत तीही उतरते. दोष बॅटरीत नसून दुसरीकडेच असतो. म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. चुकीच्या जंपनंतर कोणतेही सामान बदलण्याआधी, वीज ज्या वाटेने गेली ती वाट क्रमाने तपासावी. त्यासाठी काही शे रुपयांचा एक मल्टिमीटर, ज्याला आपले वायरमन नुसते 'मीटर' म्हणतात, आणि तासभर सवड एवढे पुरते.

विजेची वाट समजून घ्या

गाडीतील विजेची व्यवस्था आपल्या विहिरीवरच्या पंपासारखी आहे. बॅटरी ही पाण्याची टाकी. आल्टरनेटर, ज्याला अनेकजण अजून डायनॅमोच म्हणतात, तो पंप. इंजिन चालू झाले की हा पंप टाकी भरत राहतो. टाकीतून पाट निघावेत तशा वायरी निघतात आणि सेल्फ, दिवे, हॉर्न, मीटर यांना वीज पोचवतात. शेवटी ही वीज गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या मायनस टोकाला परत येते. याला आपण 'अर्थ' म्हणतो.

आता फूटव्हॉल्व्ह आठवा. पाणी वर चढू देतो, पण खाली परत येऊ देत नाही. आल्टरनेटरमध्ये हेच काम डायोड करतात. आल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी म्हणजे ए.सी. वीज तयार करतो. ती एका दिशेने वाहती करण्यासाठी त्यात बहुधा सहा मुख्य डायोड असतात. इंजिन बंद असताना बॅटरीतील वीज आल्टरनेटरमध्ये परत जाऊ नये, हेही त्यांचेच काम.

बॅटरी उलटी जोडली की काय होते? फूटव्हॉल्व्ह ज्या दिशेला उघडतो, नेमक्या त्याच दिशेने सगळा लोंढा येतो. डायोड अडवत नाहीत, दार सताड उघडे करून देतात. बॅटरीची सारी ताकद त्यांतून धावते. त्या क्षणी दोनपैकी एक गोष्ट होते. वाटेवरचा मुख्य फ्यूज आधी उडाला तर डायोड वाचतात. फ्यूज नसेल, किंवा कोणी त्या जागी जाड तार बसवली असेल, तर डायोड जळतात. पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

नेमकी चूक कोणती झाली?

वैद्य जसा आधी हकीकत विचारतो, तशी गाडीचीही हकीकत आधी विचारावी. ड्रायव्हरला रागावू नये. रागावले की खरे सांगितले जात नाही, आणि तपासाला वेळ लागतो. चुका साधारण चार प्रकारच्या असतात.

१) टोके उलटी लागली. यात मुख्य फ्यूज, आल्टरनेटरचे डायोड आणि इलेक्ट्रॉनिक सामान यांना धोका असतो.

२) बारा व्होल्टच्या गाडीला चोवीस व्होल्ट दिले. मोठ्या ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्या ट्रकवरून ट्रॅक्टरला किंवा मोटारीला जंप दिला, तर चालू असलेले बल्ब तडकाफडकी उडतात. रेग्युलेटर व इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

३) इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढली. डायनॅमोच्या काळात काही मिस्त्री 'वायर काढून बघा, इंजिन चालतंय म्हणजे डायनॅमो चांगला' अशी परीक्षा करीत. आल्टरनेटरच्या गाडीत ही परीक्षा कधीही करू नये. बॅटरी ही दाब सांभाळणारी टाकी आहे. ती एकाएकी सुटली की आल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी चढतो, आणि त्या एका झटक्यात रेग्युलेटर किंवा कॉम्प्युटर जातो.

४) वायर बारीक किंवा अर्थ कच्चा होता. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ शेकड्यांनी ॲम्पियर ओढतो. घरगुती वायर त्यात तापून वितळते, कधी पेटते. इंजिनाचा अर्थपट्टा तुटलेला असेल तर तेवढी वीज ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढते आणि ती केबल जळते.

यांपैकी काय घडले, ठिणगी कोठे उडाली, धूर कोठून निघाला, हे कागदावर लिहून ठेवावे. मिस्त्रीकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा.

सुरुवात करण्यापूर्वी

चूक लक्षात आल्यावर 'बघू तर' म्हणून पुन्हा सेल्फ मारू नये. जोडलेल्या वायरी लगेच काढाव्यात, किल्ली बंद करावी आणि थोडा वेळ थांबावे. चार्ज होणाऱ्या किंवा ठिणगी उडालेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. बॅटरी फुटली तर आतले ॲसिड तोंडावर उडते. म्हणून बॅटरीवर वाकून काम करू नये, विडी-सिगारेट, काडी किंवा कंदील जवळ आणू नये, हातातले कडे व अंगठी काढून ठेवावी. डोळ्यांवर चष्मा असलेला बरा. ॲसिड डोळ्यात गेलेच तर निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

बॅटरी फुगलेली असेल, तडा गेलेला असेल किंवा ॲसिड गळत असेल, तर पुढची तपासणी त्या बॅटरीवर करू नये. ती सरळ बाजूला काढावी.

पायरी पहिली : बॅटरी

मीटर डी.सी. २० व्होल्टच्या खुणेवर ठेवावा. लाल टोक प्लसवर, काळे टोक मायनसवर. खुणा पुसल्या असतील तर लक्षात ठेवा, जाड गोल टोकांच्या बॅटरीत प्लसचे टोक मायनसपेक्षा किंचित जाड असते. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नये. खेडोपाडीच्या दुरुस्तीत लाल वायर मायनसला आणि काळी प्लसला लावलेली पुष्कळदा दिसते.

बॅटरीला काही तास विश्रांती मिळाल्यावर घेतलेले आकडे असे वाचावेत :

१२.६ व्होल्ट किंवा अधिक : बॅटरी पूर्ण भरलेली.
१२.४ च्या आसपास : पाऊण भरलेली.
१२.२ च्या आसपास : अर्धी.
१२.० च्या आसपास : पाव.
११.८ किंवा कमी : उतरलेली.
१०.५ च्या आसपास, आणि चार्ज करूनही वर जात नाही : सहापैकी एक खाना गेलेला असण्याचा संभव.

मीटर उणे आकडा दाखवू लागला तर आधी मीटरची टोके बरोबर लावली आहेत ना ते पाहावे. ती बरोबर असूनही उणे येत असेल तर बॅटरी उलटी चार्ज झालेली आहे. पूर्ण उतरलेली बॅटरी उलट्या जोडणीत अशी होऊ शकते. ही बॅटरी गाडीला लावणे म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा करणे होय. ती दुकानदाराला दाखवावी.

टोपणे उघडता येणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहावी, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घालावे, आणि चार्ज झाल्यावर प्रत्येक खान्याची घनता हायड्रोमीटरने मोजावी. भरलेल्या बॅटरीत ती साधारण १.२५ ते १.२८ येते. पाच खाने सारखे आणि एकच फार खाली असेल तर तो खाना निकामी समजावा.

उतरलेली बॅटरी गाडीवर तपासत बसू नये. ती काढून चार्जरवर सावकाश चार्ज करावी. ८० ॲम्पियर-तासाच्या बॅटरीला ८ ॲम्पियर, या बेताने. टाकी रिकामी असताना पाट का वाहत नाही, हे तपासण्यात अर्थ नाही.

पायरी दुसरी : मुख्य फ्यूज

चार्ज झालेली बॅटरी बसवली, तरी गाडीत काहीच हालचाल नाही, किंवा सेल्फ फिरतो पण चार्जिंग होत नाही, असे असेल तर मुख्य फ्यूजकडे जावे. हा बॅटरीच्या प्लसजवळ असतो. काही गाड्यांत स्क्रूने आवळलेला मोठा फ्यूज असतो. काहींत वायरचाच मुद्दाम बारीक ठेवलेला एक तुकडा असतो, त्याला फ्युजिबल लिंक म्हणतात. हा तुकडा वरून धड दिसतो, पण ओढला तर रबरासारखा ताणला जातो. आतली तार वितळलेली असते.

याची सोपी परीक्षा अशी. इंजिन बंद ठेवून आल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या नटावर मीटरचे लाल टोक आणि इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर काळे टोक लावावे. तेथे बॅटरीइतकाच व्होल्टेज आला पाहिजे. शून्य आले तर मधली वाट तुटली आहे, म्हणजे बहुधा मुख्य फ्यूज उडाला आहे. ही आनंदाची बातमी समजावी, कारण फ्यूज गेला म्हणजे बाकीचे सामान वाचल्याची शक्यता मोठी. मात्र हा नट इंजिन बंद असतानाही जिवंत असतो. पान्हा एकाच वेळी त्याला आणि लोखंडाला लागू देऊ नये.

नवा फ्यूज त्याच ॲम्पियरचा आणावा. तार, चांदी किंवा मोठा फ्यूज घालून काम भागवू नये. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल.

पायरी तिसरी : फ्यूज-पेटी

मुख्य फ्यूज ठीक असेल तर फ्यूज-पेटीतले लहान फ्यूज एकेक काढून पाहावेत. नुसते डोळ्यांनी पाहू नये, मीटरने तपासावे. पानाच्या आकाराच्या फ्यूजमध्ये १० ॲम्पियरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा, असे रंग ठरलेले असतात. एक फ्यूज बदलल्यावर तो लगेच पुन्हा उडाला, तर त्या वाटेवर कोठेतरी वायर लोखंडाला टेकली आहे असे समजावे. तिसरा फ्यूज वाया घालवण्यापेक्षा वायर शोधावी.

पायरी चौथी : आल्टरनेटर

किल्ली चालू करून इंजिन न फिरवता डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पाहावा. तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली चालू करूनही दिवा लागत नसेल तर तो बल्ब, त्याचा फ्यूज, आल्टरनेटरचे कार्बन किंवा रेग्युलेटर यांपैकी काही गेले असेल. इंजिन चालू असताना दिवा मंद पेटत राहिला तर डायोडचा संशय घ्यावा.

मग इंजिन थोड्या जास्त वेगाने चालवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावा.

१३.८ ते १४.५ : चार्जिंग ठीक.
१३ पेक्षा कमी, आणि वेग वाढवूनही चढत नाही : चार्जिंग नाही किंवा अपुरे.
१५ पेक्षा अधिक : रेग्युलेटर गेला. बॅटरी उकळेल, बल्ब उडतील. गाडी तशीच चालवू नये.

हेडलाइट लावून पुन्हा मोजावे. निरोगी आल्टरनेटर तेवढा भार सहज पेलतो. काही नव्या मोटारगाड्यांत कॉम्प्युटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा एकाच कमी आकड्यावरून आल्टरनेटर बाद ठरवू नये.

डायोडची खास परीक्षा वेगळी आहे. डायोड फुटका असेल तर आल्टरनेटरमधली उलटसुलट वीज गाळली न जाता बॅटरीपर्यंत येते. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, आणि मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर लावावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोड गेले असे धरून आल्टरनेटर खोलायला द्यावा. एक सावधगिरी घ्यावी. काही स्वस्त मीटर ए.सी.च्या खुणेवर बॅटरीची साधी वीजही मोजून २५-२६ असा भलताच आकडा दाखवतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून आकडा पाहावा. तेथेच मोठा आकडा दिसला तर तो मीटर या परीक्षेच्या उपयोगाचा नाही.

आल्टरनेटर सबंध बदलावाच लागतो असे नाही. पुष्कळ आल्टरनेटरांत डायोडची प्लेट किंवा रेग्युलेटर वेगळा मिळतो. जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन नेमके काय गेले ते विचारावे.

पायरी पाचवी : रात्रीची गळती

'दिवसभर चालते, सकाळी उतरलेली असते' या तक्रारीचे मूळ गळक्या फूटव्हॉल्व्हात असते. रात्रभरात पाइप रिकामा होतो आणि सकाळी पंप पाणी धरत नाही. तसाच गळका डायोड इंजिन बंद असतानाही बॅटरीतून वीज ओढत राहतो. इंजिन थंड असूनही आल्टरनेटर हाताला कोमट लागला, तर ओळखून घ्यावे.

गळती मोजण्यासाठी किल्ली काढून, सर्व दिवे बंद करून बॅटरीची मायनस वायर सोडवावी. मीटर १० ॲम्पियरच्या खुणेवर, लाल टोक १० ॲम्पियरच्या भोकात घालून, सुटलेली वायर आणि मायनस टोक यांच्यामध्ये लावावा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये, मीटर जळेल. जुन्या साध्या ट्रॅक्टरमध्ये आकडा जवळजवळ शून्य आला पाहिजे. मोटारगाडी कुलूपबंद करून अर्धा तास थांबल्यावर साधारण ०.०५ ॲम्पियरपर्यंत असणे स्वाभाविक आहे.

यापेक्षा फार अधिक असेल तर फ्यूज एकेक काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा पडला, त्या वाटेवर गळती. एकाही फ्यूजने पडला नाही तर मायनस वायर पूर्ण सोडवून आल्टरनेटरच्या मागची जाड वायर काढावी, तिचे टोक कापडात गुंडाळून पुन्हा मोजावे. आता आकडा पडला तर चोर सापडला.

हिशोब करून पाहा. दोन ॲम्पियरची गळती बारा तासांत २४ ॲम्पियर-तास खाते. ८० ॲम्पियर-तासाची बॅटरी एका रात्रीत जवळजवळ एक तृतीयांश रिकामी झाली. दुसऱ्या रात्री सेल्फ लागणार नाही. यात नवी बॅटरी तरी काय करणार?

पायरी सहावी : सेल्फ आणि अर्थ

बॅटरी भरलेली, चार्जिंग ठीक, तरी सेल्फ रडत फिरतो किंवा नुसते 'टक्' वाजते, तर एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने बॅटरीवरचा मीटर पाहावा. व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ आतून जाम आहे. व्होल्टेज १२ च्या जवळच राहिला आणि इंजिन फिरले नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. मग टोकांवरचा पांढरा-हिरवा गंज, सैल नट किंवा सोलेनॉइड पाहावा.

अर्थची परीक्षाही अशीच. काळे टोक बॅटरीच्या मायनसवर, लाल टोक इंजिनाच्या घासलेल्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आला तर अर्थपट्टा खराब आहे. तो काढून, जागा पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट आवळावा. या कामाला पैसा लागत नाही आणि सेल्फच्या निम्म्या तक्रारी येथेच मिटतात, असे म्हणायला हरकत नाही. नव्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागत नाही, हेही विसरू नये.

नव्या आणि फार जुन्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ मोटारगाड्या, आणि ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या ट्रेम-४ नियमांनंतरचे ट्रॅक्टर यांत इंजिनाचा कारभार कॉम्प्युटर पाहतो. चुकीच्या जंपनंतर अशा गाडीत एकदम चार-पाच दिवे लागलेले दिसतात. घाबरून महागडे सुटे भाग मागवू नयेत. बॅटरीचा दाब पडला होता, एवढ्याच कारणाने हे दिवे लागू शकतात. बॅटरी पूर्ण चार्ज करावी, वरच्या सहा पायऱ्या कराव्यात, मग स्कॅनर लावून दोषांची यादी घ्यावी, पुसावी आणि गाडी चालवून पुन्हा पाहावी. जो दोष परत येतो तोच खरा. स्कॅनरला कॉम्प्युटर उत्तरच देत नसेल, तर आधी त्याचा फ्यूज व अर्थ तपासून घ्यावा आणि मगच कॉम्प्युटरला दोष द्यावा. हे काम मात्र कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात किंवा माहितगार माणसाकडेच द्यावे.

साध्या डिझेल पंपाचा जुना ट्रॅक्टर एकदा चालू झाला की आल्टरनेटर बंद असला तरी चालत राहतो. म्हणून 'चालतंय की' असे वाटते आणि दुखणे अंगावर काढले जाते. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक इंग्रजी बनावटीच्या ट्रॅक्टरांत प्लस टोकच सांगाड्याला जोडलेले असे. असा ट्रॅक्टर अजून कोणाकडे असेल तर जंप देण्याआधी कोणती वायर सांगाड्याला गेली आहे ते डोळ्यांनी पाहावे.

जंप देण्याची योग्य रीत

दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या आणि दोन्हींचे मायनस सांगाड्याला आहेत, याची खात्री करावी. गाड्या एकमेकींना टेकू देऊ नयेत, दोन्ही बंद ठेवाव्यात. केबल तांब्याची, मोटारीला निदान २५ आणि ट्रॅक्टरला ३५ चौरस मिलिमीटरची असावी. मग क्रम असा : लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचे शेवटचे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. म्हणजे शेवटची ठिणगी वायूपासून लांब उडते. चांगली गाडी चालू करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग दुसरीचा सेल्फ मारावा. केबल काढताना नेमका उलटा क्रम.

रात्र असेल तर आधी बॅटरी हातात, मग केबल, असे करू नये. आधी टॉर्च हातात घ्यावी. टोकांवर लाल व काळा रंग आजच लावून ठेवावा.

ट्रॉलीचा मागचा दिवा

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. चुकीच्या जंपमध्ये जाणाऱ्या लहान फ्यूजांत मागच्या दिव्यांचा फ्यूजही असू शकतो. इंजिन चालते, पुढचा दिवा लागतो, आणि ड्रायव्हरला बसल्या जागेवरून मागचे काहीच दिसत नाही. ऊस भरलेली बिनदिव्याची ट्रॉली काळोखात रस्त्यावर उभी राहिली, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. तो दुसरा-तिसरा कोणी नसतो, आपल्याच गावचा कोणीतरी असतो. तोडलेला ऊस वाटेत वाळला तर वजन आणि उतारा घटतो, ते नुकसान पुढच्या वर्षी भरून काढता येते. हे नुकसान कशानेही भरून निघत नाही.

तेव्हा जंप देऊन गाडी चालू झाली, की गाडी काढण्याआधी एक फेरी मागे मारावी. मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, दोन्ही इंडिकेटर आणि ट्रॉलीची जोडवायर पाहावी. काही लागत नसेल तर फ्यूज बदलल्याशिवाय रात्री रस्त्यावर येऊ नये. वीज गेली तरी चमकणाऱ्या लाल रिफ्लेक्टर पट्ट्या ट्रॉलीच्या मागे असाव्यातच. त्यांना बॅटरी लागत नाही.

सभासदांनी हा अंक ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावा आणि आपल्या ड्रायव्हरला वाचून दाखवावा, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो. आधी हकीकत, मग बॅटरी, मुख्य फ्यूज, फ्यूज-पेटी, आल्टरनेटर, गळती, अर्थ, आणि सर्वांत शेवटी खरेदी. हा क्रम पाळला तर पैसा वाचेल, हंगामाचा दिवस वाचेल, आणि वाटेवरचा माणूसही सुखरूप घरी पोचेल.